वाचकांचे प्रश्न : इंग्रिद म्हणजे नक्की काय?

या वेळी एकाच नावावरून बरेच प्रश्न आलेत. स्वीडनमधल्या उप्सालाला राहणाऱ्या एका वाचिकेने सुरुवात केली, मग तिच्या प्रश्नावरून बाकीच्यांनी विचारलं, त्यामुळे हा सगळा भाग इंग्रिदलाच देऊन टाकलाय. कुणाचीही नावं छापलेली नाहीत, काहींनी तशी विनंतीच केली होती.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून उप्सालाला आहे. ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंचं नाव इंग्रिद, वय साठीच्या आसपास. एकदा सहज अर्थ विचारला तर हसल्या आणि म्हणाल्या, आजीचं नाव होतं, अर्थ कुणाला माहीत. मग मी नेटवर शोधलं तर एकीकडे "सुंदर", दुसरीकडे "इंग देवाची लाडकी", तिसरीकडे "घोड्यावर स्वार झालेली", आणि एका ठिकाणी तर "शांती" लिहिलंय. यातलं खरं काय धरायचं?

नेटवरच्या त्या चारही उत्तरांमागे काहीतरी आहे, पण चारही अर्धवट आहेत. नाव जुन्या नॉर्स भाषेतलं, म्हणजे वायकिंग काळातल्या स्कँडिनेव्हियाच्या भाषेतलं आहे, तिथे त्याचं रूप इंगिरीद्र असं होतं आणि ते दोन तुकड्यांचं आहे. पहिला तुकडा इंग, तो देव. दुसऱ्या तुकड्याबद्दल अभ्यासकांमध्ये दोन मतं आहेत. बहुतेकजण म्हणतात तो "फ्रीद्र" आहे म्हणजे देखणी, प्रिय, आणि बोलता बोलता त्यातला फ गळून गेला. दुसरं मत असं की तो "रीदा" म्हणजे स्वार होणे या क्रियापदावरून आलाय, तुमची घोडेस्वार तिथून आली. आणि शांती कुठून आली तर आजच्या स्वीडिश भाषेत "फ्रिद" हा शब्द शांततेसाठी आहे, तो दिसायला सारखा आहे म्हणून कुणीतरी जोडून टाकला आणि बाकीच्यांनी कॉपी केला. माझं विचाराल तर पहिलं मत धरा, अ‍ॅस्त्रिद आणि सिग्रिद या नावांतही शेवटी हाच तुकडा आहे आणि तिथेही तो देखणी असाच लावतात.

आता इंग कोण. हा देव तुम्हाला जास्त करून फ्रेय या नावाने भेटेल, पाऊस ऊन पीक आणि घरातली भरभराट हे त्याचं खातं. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्तुर्लुसोनने लिहून ठेवलंय की फ्रेयचं दुसरं नाव इंगवी आणि त्याच्यावरून उप्सालाच्या राजघराण्याला इंगलिंग म्हणायचे. म्हणजे तुम्ही राहता तिथलीच गोष्ट आहे ही! गामला उप्सालाला म्हणजे जुन्या उप्सालाला ते तीन मोठे मातीचे ढिगारे बघितले असतील, सहाव्या शतकाच्या आसपासचे, परंपरा त्यांना याच घराण्यातल्या राजांची थडगी मानते. त्याच्याही आधी, इसवी सन 98 च्या सुमारास, रोमन इतिहासकार टॅसिटसने समुद्राकाठच्या जर्मानिक टोळ्यांच्या गटाला इंगेवोनेस म्हटलंय, त्यातही बहुतेक हाच इंग आहे. 1904 साली सॉदरमानलांदमध्ये रॅलिंगे इथे ब्राँझची एक छोटी मूर्ती सापडली, जेमतेम 7 सेंटिमीटरची, टोकदार टोपी, हाताने दाढी धरून मांडी घालून बसलेला माणूस, तो फ्रेय असावा असं मानतात. स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे, जमलं तर बघून या, फोटोत वाटते त्यापेक्षा बरीच लहान आहे.

मग जोडून "इंग देवाची सुंदर" किंवा "इंगला प्रिय" झालं की नाही? झालं, पण इथेच मला थोडं अडवायचंय. सगळ्या वेबसाइट दोन तुकडे जोडून एक वाक्य बनवतात आणि विषय संपवतात. पण हजार वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या आईबापांनी नाव ठेवताना असं वाक्य डोक्यात धरलं असेल असं नाही. तेव्हा नावाच्या पुढच्या तुकड्यांचा एक साठा होता, सिग, राग्न, इंग, हाल, तोर वगैरे, आणि मागच्या तुकड्यांचा दुसरा, फास्त, स्तेन, रिद, बॉर्य, मुंद. मुलाला नाव ठेवायचं तर बापाच्या आईच्या किंवा गेलेल्या आजोबांच्या नावातला एक तुकडा घ्यायचा आणि दुसरा बदलायचा. आडनाव नव्हतं, मग हे पोर कुठल्या घरचं ते नावाचा तुकडाच सांगायचा. 1060 च्या सुमारास स्तेनशिल नावाचा राजा झाला, त्याच्या एका मुलाचं नाव हालस्तेन, बापाचा पहिला तुकडा मुलाकडे मागे गेलाय. अजून एक जोडी खाली येणारच आहे, दगडावर कोरलेली.

म्हणून तुमच्या इंग्रिदबाईंनी "आजीचं नाव" हे जे उत्तर दिलं ना, ते खरं तर सगळ्या वेबसाइटींपेक्षा जास्त बरोबर आहे. नाव घराण्यातून येतं, अर्थ त्याच्यासोबत आला तर आला. काही वेळा जोडून निघणारा अर्थ तर हास्यास्पद असतो, जुन्या नॉर्समध्ये गुन आणि हिल्द दोन्हीचा अर्थ लढाई, आणि गुनहिल्द हे मुलींचं अगदी प्रतिष्ठित नाव होतं. लढाई-लढाई असं कोण कशाला ठेवेल, पण दोन्ही तुकडे मान असलेले, म्हणून ठेवलं.

प्रश्न : उच्चार इंग्रिड की इंग्रिद? सिनेमात तर सगळे ड म्हणतात.

इंग्रिद. स्वीडिश द दाताला जीभ लावून म्हणतात, आपल्या द सारखाच, इंग्रजीतून आलेला ड तिथे नसतो. आणि मधला ग सुटा ऐकू येत नाही, इङ म्हणून लगेच रि वर जायचं, इङ-रिद. इंग्रजी बोलणारे इंग-ग्रिड असा जादा ग घालतात, त्यावरून स्वीडिश माणूस लगेच ओळखतो की तुम्ही नाव सिनेमातून शिकलात. देवनागरीत लिहायला मात्र इंग्रिद पुरेसं आहे, ङ घेऊन बसू नका.

प्रश्न : देव वगैरे ठीक आहे पण वायकिंग काळात खरंच बायकांची अशी नावं होती का? की हे सगळं नंतर सिनेमा आणि रोमँटिक कवींनी उकरून काढलेलं? मी असं ऐकलंय की बरीचशी "प्राचीन" नावं एकोणिसाव्या शतकातली फॅशन आहे.

तुमचं ऐकणं काही नावांपुरतं बरोबर आहे, ते पुढे सांगतो. पण इंग घराण्यातल्या नावांना पुरावा हवा तर तो दगडात आहे, आणि काय पुरावा आहे!

मेलारेन सरोवरात फेरिंगसो नावाचं बेट आहे, तिथे हिल्लेर्शो गावात एक मोठा सपाट खडक आहे, त्यावर अकराव्या शतकात रून लिपीत एक मजकूर कोरलाय. त्याची सुरुवातच "अर्थ लाव!" अशी आहे. आणि पुढे आहे ती एका कुटुंबाची हकीकत, कसलाही अलंकार नाही, सरकारी कागदासारखी. गेयरमुंदने गेयरलाउगशी लग्न केलं, ती तेव्हा कुमारी होती. त्यांना मुलगा झाला. मग गेयरमुंद बुडून मेला. मग तो मुलगाही मेला. मग तिने गुदरिकशी लग्न केलं, त्यांना मुलं झाली पण एकच मुलगी जगली, तिचं नाव इंगा. इंगाला स्नॉत्स्ताच्या राग्नफास्तने केली. मग तो मेला, मग त्यांचा मुलगा मेला, आणि मुलाची मालमत्ता आईला म्हणजे इंगाला मिळाली. मग इंगाने एरिकशी लग्न केलं. मग ती मेली. आणि मग इंगाची मालमत्ता तिच्या आईकडे, गेयरलाउगकडे आली. खाली कोरणाऱ्याची सही, तोरब्योर्न स्काल्द.

म्हणजे सगळे मेले आणि पहिल्यापासून असलेली ही आई शेवटी दोन नवऱ्यांच्या, नातवाच्या, मुलीच्या जमिनींची मालकीण होऊन उरली. वाचताना आधी दुःख वाटतं, मग लक्षात येतं की हा दुःखाचा नाही, वारसाहक्काचा दगड आहे. उद्या कुणी दीर-पुतण्या येऊन जमीन मागू नये म्हणून खडकावर लिहून ठेवलंय, आणि आजच्या अभ्यासकांना त्या काळातल्या वारसा पद्धतीचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच मिळतो, मूल निपुत्रिक मेलं तर मालमत्ता उलट आईबापाकडे जायची, आणि बाईकडेही जायची.

गंमत पुढे आहे. ही इंगा नुसती आईच्या दगडावरची नोंद नाही. नवरा राग्नफास्त गेल्यावर तिने स्वतः त्याच्यासाठी दगड उभे केले, एक नाही चार, स्टॉकहोमच्या उत्तरेला स्नॉत्स्ता आणि व्रेता इथे. एकावर लिहिलंय की हे सगळं गाव राग्नफास्त एकट्याच्या मालकीचं होतं, त्याच्या बापानंतर, सिगफास्तनंतर. बघा, सिगफास्तचा मुलगा राग्नफास्त! वर म्हटलं ती तुकड्याची पद्धत इथे दगडावरच सापडते. आणि दुसऱ्या एका दगडावर ती सांगते की मुलाचा वारसा तिला मिळाला. म्हणजे दोन्ही ठिकाणचे दगड एकमेकांना जुळतात, हजार वर्षांपूर्वीच्या एका स्वीडिश बाईबद्दल दोन वेगवेगळ्या ठिकाणाहून एकच गोष्ट कळते, हे किती दुर्मिळ आहे ते इतिहासवाल्यांना विचारा.

इंगा हे इंग ने सुरू होणाऱ्या नावांचं छोटं रूप. पूर्ण नावांतली सगळ्यात मोठी बाई म्हणजे इंगेयेर्द ओलोफ्सदोत्तेर, स्वीडनचा राजा ओलोफ शॉतकोनुंगची मुलगी. तिचं लग्न नॉर्वेचा राजा ओलाव हाराल्दसोनशी ठरत होतं, बापाने मोडलं आणि तिला कीव्हच्या राजाला, यारोस्लावला दिली, 1019 मध्ये. नॉर्वेच्या ओलावने मग तिच्याच सावत्र बहिणीशी लग्न केलं, बहिणीचं नाव अ‍ॅस्त्रिद. सागांमध्ये, म्हणजे जुन्या नॉर्स कथांमध्ये येतं की इंगेयेर्दने लग्नाला हो म्हणताना लादोगा शहर आणि त्याचा मुलूख स्वतःच्या नावावर मागून घेतला. तिच्या मुलींपैकी एक फ्रान्सची राणी झाली, एक नॉर्वेची, एक हंगेरीची. ती स्वतः 1050 मध्ये वारली आणि ऑर्थोडॉक्स चर्च तिला नोव्हगोरोदची संत आन्ना म्हणून मानतं. त्यामुळे वायकिंग बायका म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून वाट बघणाऱ्या, हे चित्र जरा बाजूला ठेवा.

आणि नेमकं इंग्रिद हेच नाव हवं असेल तर तेराव्या शतकात या. स्वीडनच्या ऑस्तेरयॉतलांद प्रांतात ब्येल्बू आणि शेनिंगे ही दोन जवळजवळची ठिकाणं आहेत आणि दोन्हीकडे एकेक प्रसिद्ध इंग्रिद आहे. ब्येल्बूची इंग्रिद इल्वा ही बिर्येर यार्लची आई, आणि बिर्येर म्हणजे तो ज्याला स्टॉकहोम वसवण्याचं श्रेय देतात. तिच्याबद्दल दंतकथा अशी की तिने भाकीत केलं होतं, माझं डोकं जोपर्यंत ताठ आहे तोपर्यंत माझं घराणं राज्य करेल, म्हणून मुलाने तिला ब्येल्बूच्या चर्चमध्ये खांबात उभीच पुरली. दंतकथाच आहे, पण लोकांच्या तोंडी शतकानुशतकं टिकलीय. शेनिंगेची इंग्रिद एलोव्सदोत्तेर ही विधवा झाल्यावर यात्रेला निघाली, रोमला गेली, सांतियागोला गेली, जेरुसलेमला गेली असं सांगतात आणि परत येऊन 1281 मध्ये तिने शेनिंगेला डोमिनिकन नन्सचा मठ काढला, स्वीडनमधला तसा पहिलाच. दुसऱ्याच वर्षी वारली. पुढे तिला संत करावं म्हणून चर्चमध्ये बराच काळ प्रयत्न चालले होते आणि 1507 मध्ये तिचे अवशेष मोठ्या समारंभाने हलवले गेले. हे मुद्दाम सांगतोय कारण लोकांना वाटतं ख्रिश्चन धर्म आला आणि जुन्या देवांची नावं बंद पडली. उलट झालं. इंग देवाचं नाव लावलेली बाई ख्रिश्चन मठाची संस्थापक झाली आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही, कारण तोपर्यंत ते फक्त घरचं नाव झालं होतं.

आता तुमच्या फॅशनच्या मुद्द्यावर. 1811 मध्ये स्टॉकहोमला काही तरुणांनी "गॉथिक संघ" स्थापन केला, जुन्या नॉर्स काळाचं प्रेम, शिंगातून मधाची दारू पिणं वगैरे. त्यातल्याच एसायास तेग्नेरने 1825 मध्ये फ्रित्योफ नावाच्या वीराचं दीर्घकाव्य पूर्ण केलं, त्यातली नायिका इंगेबॉर्य, आणि मग फ्रित्योफ आणि इंगेबॉर्य नावांची लाटच आली. ही झाली उकरून काढलेली फॅशन. इंग्रिद मात्र उकरून काढावं लागलं नाही, ते गावागावात चालूच होतं. 1686 च्या चर्च कायद्याने पाद्र्यांना जन्म, लग्न, मृत्यूच्या वह्या ठेवायला लावलं, त्या वह्यांमध्ये शेतकऱ्यांच्या घरात इंग्रिद, इंग्री असं लिहिलेलं सारखं सापडतं. स्पेलिंग पाद्र्याच्या मूडवर, एकाच बाईचं नाव जन्माला एक आणि लग्नाला दुसरं.

प्रश्न : वर जे "ओलोफ्सदोत्तेर" लिहितात ते आडनाव का? आणि मग आज सगळ्या बायका अँडरसन, योहानसन का असतात? त्या तर कुणाच्या "सन" नाहीत.

दोत्तेर म्हणजे मुलगी. ओलोफची मुलगी ओलोफ्सदोत्तेर, एवढंच. ते आडनाव नव्हतं, कारण तिच्या मुलांना ते लागायचं नाही आणि लग्न झालं म्हणून बदलायचंही नाही. नंतर शहरातून आडनावं पसरत गेली आणि 1901 मध्ये सरकारने कुटुंबाच्या नावांबद्दल नियमावली आणली, तोपर्यंत बऱ्याच घरांत बापाचं "सोन" वालं नाव तसंच गोठून आडनाव झालं होतं, ते मग मुलींनाही लागलं. म्हणून इंग्रिद योहानसन म्हणजे व्याकरणाने बघितलं तर इंग्रिद, योहानचा मुलगा. स्वीडिश लोकांना हे कळतं, पण त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. आजच्या कायद्यात पुन्हा दोत्तेर घेता येतं, आईच्या नावावरूनही घेता येतं, काहीजणी घेतात.

प्रश्न : इंगेर, इंगेला, इंगा-लिल, इंगेबॉर्य ही सगळी एकच का? आणि आयकियावाले इंगवार पण यातलेच?

एकच नाहीत पण एकाच घरातली आहेत. इंगेर हे इंगेयेर्दचं बोलून बोलून आखडलेलं रूप, काहीजण ते इंग्रिदचंही मानतात कारण दोन्ही नावं जुन्या कागदांत एकमेकांत मिसळतात. इंगेबॉर्यमधला शेवटचा तुकडा म्हणजे आसरा किंवा संरक्षण, उच्चार बॉर्ग नाही, बॉर्य, जसं योतेबॉर्य शहर. इंगेला हे त्यामानाने नवीन. इंगा-लिल मधलं लिल म्हणजे छोटी, अशी जोडनावं विसाव्या शतकाच्या मधल्या काळात जोरात होती, ब्रित-मारी, आन-शार्लोत वगैरे, आज ऐकली की बाईंचं वय अंदाजे कळतं.

हो, इंगवारही यातलाच, इंग अधिक योद्धा किंवा रक्षक. 1943 मध्ये 17 वर्षांच्या इंगवार काम्प्रादने धंदा सुरू केला, त्याच्या नावातला आय, आडनावातला के, शेताचं नाव एल्मतारीद त्यातला ई आणि गावाचं नाव आगुन्नारीद त्यातला ए. म्हणजे बघा, त्या निळ्यापिवळ्या पाटीवरचं पहिलं अक्षर फिरून फिरून फ्रेयपर्यंत जातं. बाय द वे, त्यांच्याकडे पडदे आणि कापडांना बायकांची नावं देतात आणि खुर्च्या-टेबलांना पुरुषांची, अशी त्यांची पद्धत सांगतात. इंगमार म्हणजे इंग अधिक प्रसिद्ध. दिग्दर्शक इंगमार बेर्यमान आणि नटी इंग्रिद बेर्यमान यांचं काही नातं नाही, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगून टाकतो, दोघांनी 1978 मध्ये एक सिनेमा मात्र एकत्र केला.

प्रश्न : माल्मोच्या माझ्या मैत्रिणीला मुलगी झाली, नवरा स्वीडिश. तिला इंग्रिद आवडलं तर सासू म्हणाली अगदी जुनाट वाटतं, वृद्धाश्रमातलं नाव. खरंच तसं आहे का? आणि स्वीडनमध्ये नाव ठेवायला सरकारची परवानगी लागते हे खरं आहे का?

सासूबाईंचं कान कुठल्या पिढीचं आहे त्यावर हे अवलंबून आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इंग्रिद भरपूर ठेवलं गेलं. 1910 मध्ये राजघराण्यात राजकन्या इंग्रिद जन्मली, जी पुढे डेन्मार्कची राणी झाली. 1915 मध्ये स्टॉकहोमला इंग्रिद बेर्यमान जन्मली, तिचं नाव याच राजकन्येवरून ठेवलं असं सांगतात, आणि तिने पुढे तीन ऑस्कर मिळवल्यावर ते नाव जगभर गेलं. त्या काळात जन्मलेल्या मुली आज आज्या-पणज्या आहेत, म्हणून सासूबाईंना इंग्रिद म्हटलं की आजी दिसते. तिच्या स्वतःच्या पिढीला आईचं नाव मुलीला ठेवावंसं वाटत नाही, ते सगळीकडेच असतं. पण स्वीडनमध्ये लोक शंभर वर्षांच्या नियमाबद्दल बोलतात, नियम म्हणजे कायदा नाही, निरीक्षण, की पणजीच्या पिढीचं नाव पुन्हा गोड वाटायला लागतं. आल्मा, एल्सा, सिग्ने, अ‍ॅस्त्रिद अशीच परत आलीत आणि इंग्रिदही त्यांच्यासोबत परत आलंय. बालवाडीत आज इंग्रिद हाक मारली तर वळून बघणारी पोर सापडेल. युवराज्ञी व्हिक्टोरियाचं पूर्ण नाव व्हिक्टोरिया इंग्रिद अ‍ॅलिस देसिरे आहे आणि नॉर्वेच्या राजघराण्यात 2004 मध्ये इंग्रिद अलेक्सांद्रा जन्मलीय, तेव्हा मैत्रिणीला सांगा सासूला ही यादी दाखव.

मधला मार्गही आहे आणि तो तिथे फार वापरला जातो. स्वीडनमध्ये मुलाला दोन-तीन पहिली नावं असतात आणि त्यातलं कुठलं हाक मारायचं ते वेगळं ठरवता येतं, त्याला तिल्तालसनाम्न म्हणतात, ते पहिलंच असावं असं बंधन नाही. त्यामुळे सासूच्या पसंतीचं पुढे, इंग्रिद मागे, आणि हाक इंग्रिद, असंही चालतं. पुढेमागे पोरीलाच वाटलं तर ती बदलेल.

परवानगीचं म्हणाल तर, नाव जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत स्कात्तेवेर्केत म्हणजे कर खात्याला कळवायचं असतं. कर खातं का, तर 1991 च्या मध्यापर्यंत जन्ममृत्यूची नोंदवही चर्चकडे होती, तेव्हापासून ती यांच्याकडे आली. सध्याचा नावांचा कायदा 1 जुलै 2017 पासून लागू आहे. ते नाव नाकारू शकतात, जर ते अपमानास्पद असेल, किंवा त्या मुलाला पुढे त्रास होईल असं असेल, किंवा पहिलं नाव म्हणून उघडच बसत नसेल. इंग्रिदला कोण अडवणार. अडवल्याची प्रसिद्ध केस 1996 ची आहे, एका जोडप्याने पाच वर्षं मुलाचं नावच नोंदवलं नाही, हाल्मस्ताद कोर्टाने 5,000 क्रोनर दंड केला, तर त्यांनी निषेध म्हणून त्रेचाळीस अक्षरांचं नाव दिलं ज्यात बहुतेक व्यंजनं आणि शेवटी आकडे होते, आणि म्हणाले याचा उच्चार आल्बिन. नाकारलं. मग म्हणाले बरं, फक्त ए हे एक अक्षर, उच्चार तोच आल्बिन. तेही नाकारलं.

प्रश्न : फोनमधली सिरी स्वीडिश आहे का? कुणीतरी म्हटलं ते सिग्रिदचं लाडकं नाव आहे.

नाव म्हणून हो, सिरी हे सिग्रिदचं छोटं रूप, स्वीडन आणि नॉर्वे दोन्हीकडे. सिग म्हणजे विजय, मागचा तुकडा इंग्रिदमधलाच. फोनमधल्या सिरीच्या संस्थापकांपैकी एक जण नॉर्वेशी नातं असलेला होता, नाव त्यानेच सुचवलेलं. आणि सिग्रिदसाठीही दगड आहे, एस्किल्स्तुनाजवळ रामसुंद इथे, 1030 च्या आसपासचा. त्यावर नॉर्स कथांमधला वीर सिगुर्द ड्रॅगनला मारतानाची चित्रं आहेत, पर्यटक तीच बघतात, पण ड्रॅगनच्या अंगावर जे कोरलंय ते असं की आल्रिकची आई, ओर्मची मुलगी सिग्रिद हिने हा पूल बांधला, होल्मगेयरच्या आत्म्यासाठी. पूल बांधणं हे तेव्हाच्या नव्या ख्रिश्चनांचं पुण्यकर्म होतं. आणि होल्मगेयर हा बहुतेक तिच्या नवऱ्याचा बाप, नवऱ्याचं नाव सिग्रोद. तसं असेल तर नवराबायको दोघंही सिगवाले. फोनला विचारून बघा यातलं काय सांगता येतं.

प्रश्न (उप्सालाच्या वाचिकेचाच, दुसऱ्या मेलमध्ये) : इंग्रिदबाईंचा "नामदिन" ऑक्टोबरमध्ये आहे म्हणे. हा वाढदिवसासारखा असतो का? गिफ्ट द्यायचं का?

9 ऑक्टोबर, इंग्रिद आणि इंगेर दोघींचा. स्वीडिश कॅलेंडरमध्ये जवळपास प्रत्येक तारखेला एक-दोन नावं छापलेली असतात. मुळात त्या संतांच्या तारखा होत्या, धर्मसुधारणेनंतर संत गेले पण तारखा राहिल्या. कॅलेंडर छापायचा हक्क 1747 पासून 1972 पर्यंत एकट्या रॉयल सायन्स अकादमीकडे होता, त्यामुळे यादीही एकच होती. 1901 मध्ये त्यात बरीच नॉर्डिक नावं घातली गेली. 1972 नंतर जो तो आपली यादी छापायला लागला आणि गोंधळ झाला, शेवटी 2001 मध्ये सर्वांनी मिळून एक यादी मान्य केली, तीच आता चालते. दोन दिवस आधी, 7 ऑक्टोबरला, बिर्गित्ताचा असतो, तो स्वीडनच्या सगळ्यात मोठ्या संतिणीच्या नावाने.

वाढदिवसाएवढं मोठं प्रकरण नाही. राजघराण्याचा अपवाद, व्हिक्टोरियाच्या नामदिनी 12 मार्चला देशभर झेंडे लागतात आणि लोक राजवाड्याच्या अंगणात जमतात. ऑफिसात मात्र गिफ्ट दिलंत तर त्या बिचाऱ्या संकोचतील. सकाळी भेटल्या की "ग्रात्तिस पो नाम्न्सदागेन" म्हणा, कॉफीच्या वेळी काहीतरी गोड आणा, सगळ्यांसाठी, फक्त त्यांच्यासाठी नको. साठीतल्या बायका ही तारीख लक्षात ठेवतात, तरुण मुलं बऱ्याचदा स्वतःचीही विसरतात, त्यामुळे तुम्ही आठवण ठेवलीत हे त्यांना नक्की आवडेल. आणि तेव्हा आजीबद्दल विचारा, ती कुठल्या गावची होती, तिला ते नाव कुणावरून मिळालं, अर्थापेक्षा यावर त्या जास्त बोलतील.